साधी गाठ, पण किती साधी?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आजचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा अशी विनंती. मेंदूच्या आवरणाला होणारी गाठ, जिला डॉक्टर मेनिन्जिओमा म्हणतात, आणि त्या गाठीची जनुकीय तपासणी याबद्दल माझं एक मत झालं आहे. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल.

‘गाठ साधी आहे’ एवढ्या वाक्यावर कुणाचीही बोळवण होऊ नये. तपासणीच्या उत्तरानं उपचार बदलणार असतील, तर ती झालीच पाहिजे. बदलणार नसतील, तर उगाच करू नये. आणि जो अहवाल येईल त्याचा अर्थ पेशंटला त्याच्या भाषेत सांगणं, हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, मराठी माध्यमातून बीए झालेल्या आणि जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलेल्या बाईनं यात का पडावं? तर प्रकरण घरातलं आहे म्हणून. माझ्या धाकट्या जावेला ही गाठ झाली होती. (तिच्या परवानगीनेच लिहिते आहे. ती म्हणाली, “लिहा ताई, पण माझं नाव नको.”) नातलगांपैकी बऱ्याच जणांना अर्धवट माहिती आहे आणि त्यातून भलतेच गैरसमज पसरलेत. तेही दूर व्हावेत असा हेतू आहे.

आधी थोडं गाठीबद्दल. आपल्या मेंदूभोवती तीन आवरणं असतात. बाहेरच्या जाड आवरणाला लॅटिनमध्ये ड्युरा मेटर म्हणतात, म्हणजे ‘कठोर आई’. अगदी आतल्या, मेंदूला चिकटून असणाऱ्या आवरणाला पाया मेटर, म्हणजे ‘कोमल आई’. ही नावं मुळात अरबी वैद्यकग्रंथांतून लॅटिनमध्ये आली. मधल्या आवरणाला कोळ्याच्या जाळ्यावरून अरॅक्नॉइड म्हणतात. या मधल्या आवरणाच्या पेशींपासून मेनिन्जिओमा होतो. म्हणजे ही गाठ मेंदूची नव्हे, मेंदूच्या पांघरुणाची. प्रौढांमध्ये कवटीच्या आत मूळ धरणाऱ्या गाठींमध्ये हीच सगळ्यात जास्त आढळते आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये बरीच अधिक. मेनिन्जिओमा हे नाव दिलं अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी, १९२२ साली. पुढे १९३८ मध्ये त्यांनी लुईझ आयझेनहार्ट या बाईंच्या बरोबरीनं या गाठींवर मोठा ग्रंथ लिहिला.

या गाठीच्या प्रती तीन. सुमारे ८० टक्के गाठी पहिल्या प्रतीच्या म्हणजे सौम्य, तिसऱ्या प्रतीच्या अगदी थोड्या, आणि उरलेल्या मधल्या. (जुन्या अहवालांत ही प्रत रोमन अंकांत असे. २०२१ पासून साध्या अंकांत लिहितात. जुने कागद बघताना गोंधळू नका.) प्रत ठरवायची कशी? तर गाठीचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. किती पेशी विभागताना दिसतात ते मोजायचं. ठरावीक क्षेत्रात ४ ते १९ दिसल्या तर दुसरी प्रत, २० किंवा जास्त दिसल्या तर तिसरी. शिवाय गाठ मेंदूत घुसली आहे का, पेशींची ठेवण कशी आहे, हेही बघायचं.

आता ज्यांनी बोर्डाचे पेपर तपासले आहेत त्यांना इथली अडचण लगेच कळेल. एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडे गेली की गुण वेगळे पडतात. त्यात कुणाचा दोष नसतो, डोळ्यांनी बघून ठरवायच्या गोष्टींचं असंच होतं. काठावरच्या विद्यार्थ्याचं तर नशीबच! गाठींचंही तसंच आहे. ३ मोजल्या की पहिली प्रत, ४ मोजल्या की दुसरी. आणि दुसरी मोठी अडचण म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन गाठी पुढे निराळ्या वागतात. एक काढली की कायमची गेली, दुसरी चार वर्षांत परत हजर.

आमच्या घरी नेमकं हेच झालं. २०१९ साली जावेची गाठ पूर्ण काढली. अहवालात पहिली प्रत. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, पेढे वाटले. २०२३ च्या एमआरआयमध्ये त्याच जागी पुन्हा वाढ दिसली. एक डॉक्टर म्हणाले, पहिल्या प्रतीची आहे, सहा महिने थांबून बघू. दुसरे म्हणाले, आत्ताच काढू आणि नंतर रेडिएशन देऊ. दोघेही जाणते, दोघेही भले. घरात दोन तट पडले. दीर म्हणत थांबू, पुतण्या म्हणे थांबायचं नाही. तेव्हा तिसऱ्या एका डॉक्टरीण बाईंनी सुचवलं की, २०१९ च्या गाठीचा मेणातला ठोकळा अजून असेल, तो जनुकीय तपासणीला पाठवा, मग ठरवा.

ही तपासणी काय असते ते मी माझ्या कुवतीप्रमाणे समजून घेतलं ते असं. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात हे आपण शाळेत शिकलो. १९६७ मध्ये त्सांग आणि सिंगर या जर्मन संशोधकांच्या लक्षात आलं की, मेनिन्जिओमाच्या पुष्कळ पेशींत २२ क्रमांकाच्या जोडीतलं एक गुणसूत्र हरवलेलं असतं. या गुणसूत्रावर एनएफ२ नावाचं जनुक असतं, ते १९९३ साली सापडलं. पेशींच्या वाढीला ब्रेक लावणं हे त्याचं काम. ब्रेक गेला की गाठ वाढायला लागते. पण सगळ्याच मेनिन्जिओमांमध्ये हा ब्रेक गेलेला नसतो. २०१३ मध्ये कळलं की, ज्यांच्यात एनएफ२ शाबूत आहे त्यांतल्या बऱ्याच गाठींत ट्राफ७, एकेटी१, केएलएफ४, एसएमओ अशा दुसऱ्याच जनुकांत बिघाड असतो, आणि या गाठी बहुतेककरून कवटीच्या तळाशी आढळतात. म्हणजे नाव एक, पण मंडळी वेगवेगळ्या घराण्यांतली!

पुढची पायरी मिथायलेशनची. जनुकांवर रासायनिक खुणा असतात. जाड ग्रंथातली काही पानं चिकटवून टाकली तर ती वाचता येत नाहीत, तसं या खुणांमुळे काही जनुकं वाचली जातात, काही बंद राहतात. कुठली पानं चिकटलेली आहेत याचा नकाशा काढला की गाठीचा स्वभाव समजतो. २०१७ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटानं या नकाशावरून मेनिन्जिओमाचे सहा वर्ग पाडले आणि पुढे काय होईल याचा अंदाज नुसत्या प्रतीपेक्षा या वर्गांवरून चांगला येतो हे दाखवलं. २०२१ साली टोरांटोच्या गटानं चार गट सांगितले, २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटानं तीन. सहा, चार की तीन, हा वाद विद्वानांचा. पण सौम्य वागणाऱ्या आणि उपद्रवी गाठी जनुकांवरून ओळखता येतात यावर त्यांचं एकमत आहे.

आणि हे आता प्रयोगशाळेपुरतं राहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार गाठीत टर्ट जनुकाच्या नियंत्रक भागात बदल असेल, किंवा सीडीकेएन२ए/बी हा भाग दोन्ही प्रतींतून गायब असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली ती कितीही गरीब दिसो, तिला तिसरी प्रत द्यायची. २०२५ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं आणखी एक शिफारस केली. १ क्रमांकाच्या गुणसूत्राचा आखूड हात हरवला असेल आणि जोडीला २२ क्रमांकाचा तुकडा हरवला असेल किंवा एनएफ२ बिघडलेलं असेल, तर वरवर पहिल्या प्रतीची दिसणारी गाठ दुसऱ्या प्रतीची मानावी.

जावेच्या ठोकळ्यात नेमकं हेच निघालं. १ चा आखूड हात नाही, २२ मधलं एक नाही. टर्ट आणि सीडीकेएन मात्र ठीक, म्हणजे तिसऱ्या प्रतीची भीती नाही. मग डॉक्टरांमध्येही दुमत उरलं नाही. पुन्हा शस्त्रक्रिया झाली, नंतर रेडिएशनच्या तीस बैठका झाल्या. केस गेले, थकवा फार आला, पण आतापर्यंतचे एमआरआय ठीक आहेत. पुढे काय होईल ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण निर्णय डोळे उघडे ठेवून झाला, याचं समाधान घरात सगळ्यांना आहे, थांबू म्हणणाऱ्या दिरांनासुद्धा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. या गाठीवर नेमकं औषध नसेल, तर एवढं खोलात जाऊन करायचं काय? नुसती काळजी वाढवायची? औषधांचं म्हणाल तर एसएमओ, एकेटी१, एनएफ२ या बिघाडांवरच्या गोळ्यांच्या चाचण्या झाल्या आहेत, होत आहेत. काही निष्कर्ष आशा वाटावी असे आहेत, पण सर्रास लिहून द्यावी अशी गोळी अजून हाती आलेली नाही. तरीही माझं म्हणणं असं की, आज या तपासणीचा खरा उपयोग उपचार किती करायचा हे ठरवण्यासाठी आहे. रेडिएशन द्यायचं की नाही, एमआरआय सहा महिन्यांनी की वर्षानं, पुन्हा वाढली तर थांबायचं की नाही. २०२३ मध्ये १,८०० हून अधिक पेशंटांच्या गाठींवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३४ जनुकांची चाचणी वापरली तर शस्त्रक्रियेनंतरच्या रेडिएशनचा सल्ला सुमारे ३० टक्के पेशंटांच्या बाबतीत बदलला असता, असं दिसलं. आणि हा बदल दोन्ही बाजूंनी होतो, बरं का! काहींना ते द्यायला हवं होतं, तर काहींना विनाकारण दिलं जात होतं. मेंदूवर नको असलेले किरण टळणं हाही मोठाच लाभ.

मात्र हे अभ्यास बहुतेक करून मागे वळून केलेले आहेत. जपून ठेवलेल्या गाठी तपासल्या आणि त्या पेशंटांचं पुढे काय झालं ते ताडून पाहिलं. जनुकं बघून उपचार ठरवले तर माणसं खरोखर जास्त चांगली जगतात, हे पुढे जाणाऱ्या चाचण्यांतून सिद्ध व्हायला हवं. म्हणूनच मी सरसकट सगळ्यांची तपासणी करा असं म्हणत नाही.

आमच्याच ओळखीतल्या एक आजी आहेत, वय ८१. घरात पाय घसरून पडल्या, डोक्याचा स्कॅन काढला, त्यात सुपारीएवढा मेनिन्जिओमा दिसला. त्रास काही नाही. मुलगा घाबरून मला विचारत होता, “बाई, ती जनुकांची टेस्ट आईची करायची का?” मी त्याला एकच सांगितलं, न्यूरोसर्जनला विचार की उत्तर काहीही आलं तरी तुम्ही काय वेगळं करणार? मुळात त्या तपासणीला गाठीचा तुकडा लागतो, म्हणजे डोकं उघडणं आलं. सर्जननी सांगितलं, काही करू नका, सहा महिन्यांनी स्कॅन काढू. आजी अजून अंगणात तुळशीला पाणी घालताहेत. तिथे तपासणी न करणं हाच शहाणपणा.

खर्चाचाही विचार करायला हवा. मिथायलेशनची किंवा पुष्कळ जनुकांची तपासणी महाग असते आणि मोजक्या ठिकाणीच होते. पण सुरुवात तिथूनच करायची गरज नाही. साध्या पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत करता येणारे काही रंग-परीक्षेचे प्रकार आहेत. उदाहरणार्थ, एमटॅप नावाचं प्रथिन पेशींतून गायब दिसलं तर सीडीकेएन२ए गेलं असण्याचा दाट संशय घेता येतो. आधी स्वस्त चाळणी लावायची, शंका आली तरच महागडी. आणि मेणाचा ठोकळा कुरिअरनं मुंबईला जाऊ शकतो, त्यासाठी पेशंटनं साताऱ्याहून उठून जायची गरज नाही! गरज आहे ती ठोकळा नीट जपून ठेवण्याची आणि मागितला की देण्याची. आम्हाला तो मिळवायला तीन आठवडे हेलपाटे घालावे लागले. “कशाला हवाय तुम्हाला?” हा प्रश्न पाच वेळा ऐकला. माझ्या मते शस्त्रक्रियेनंतर घरी सोडतानाच कागदावर लिहून द्यावं की, तुमचा ठोकळा अमुक क्रमांकाचा, अमुक ठिकाणी ठेवला आहे. गरिबांच्या शस्त्रक्रियेसाठी सरकारी योजना आहेत. जिथे तपासणीवर उपचार अवलंबून आहेत, तिथे तिचा खर्चही योजनेत धरलाच पाहिजे. नाहीतर पैसेवाल्याची गाठ जनुकांवरून ओळखायची आणि मजुराची अंदाजानं, असं होईल.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि नातलगांनी हा भाग दोनदा वाचावा. अहवालात ‘जनुकीय बदल’ हे शब्द आले आणि आमच्याकडे कुजबुज सुरू झाली. हे घराण्यातलं आहे का? मुलीला होईल का? पुतणीसाठी स्थळं बघणं चालू होतं, त्यातल्या एका ठिकाणाहून आडून चौकशीही आली. म्हणून स्पष्ट लिहिते. गाठीत सापडलेले हे बदल जवळजवळ नेहमी फक्त त्या गाठीच्या पेशींत, आयुष्यात नंतर घडलेले असतात. ते रक्तात नसतात, आईकडून मुलीकडे जात नाहीत. काही थोडी घराणी असतात जिथे एनएफ२ चा बिघाड जन्मतःच असतो. तिथे बहुधा लहान वयात, एकाहून जास्त गाठी, कानाच्या नसेवर गाठी अशी लक्षणं दिसतात. तशी शंका असेल तर डॉक्टर रक्ताची वेगळी तपासणी सांगतात. आमच्याकडे त्यांनी इतिहास नीट विचारला आणि तिची गरज नाही असं सांगितलं. तेव्हा ही कुजबुज आता पुरे.

पण ही कुजबुज सुरू झालीच कशी? तर अहवाल चार पानी इंग्रजीत होता आणि त्याचा अर्थ कुणी बसून सांगितला नाही म्हणून. जाऊ दहावी झालेली, तीस वर्षं शिवणकाम करून संसार ओढलेली, हुशार बाई. तिनं ते कागद माझ्या हातात दिले आणि म्हणाली, “ताई, यात चांगलं काय लिहिलंय आणि वाईट काय, तेवढंच सांगा.” मला सांगता येईना. इंग्रजी येत होतं, पण इंग्रजी येणं आणि अहवाल कळणं यात फार अंतर आहे. शेवटी त्या डॉक्टरीण बाईंनी वीस मिनिटं वेळ काढला आणि वहीच्या पानावर मराठीत लिहून दिलं. गाठ कशी आहे, कसली भीती आहे, कसली नाही, पुढे काय करायचं, मुलांना धोका आहे का. पाच ओळी! जावेनं ते पान देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवलंय.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अशा प्रत्येक अहवालाला मराठीत पाच ओळींची पुरवणी जोडावी. डॉक्टरांना वेळ नसतो हे मला मान्य आहे. एकेका ओपीडीत शंभर-शंभर पेशंट असतात. पण हे काम शिकवून तयार केलेला समुपदेशकही करू शकेल. मी तर म्हणेन, आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांना बोलवा, डॉक्टरांनी तपासून दिलेला मजकूर सोप्या भाषेत करायला आम्ही फुकट येऊ. अवघड धडा सोपा करण्यातच आमचा जन्म गेलाय.

तुमच्या घरात कुणावर ही वेळ आली, तर डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा. गाठीची प्रत कशावरून ठरवली? जनुकीय तपासणीनं तुमचा सल्ला बदलेल का? बदलणार असेल तर आधी कुठली स्वस्त चाचणी करता येईल? आणि ठोकळा कुठे ठेवला आहे? विचारायला लाजू नका. चांगले डॉक्टर रागावत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल, किंवा कुणी या क्षेत्रातलं असेल, तर जरूर लिहा. आणि पुतणीसाठी चांगलं स्थळ असेल तर तेही कळवा! मुलगी गुणी आहे, बँकेत आहे.